शून्य किलो खरकटं

"सहा महिन्यांत टाकव्याचा कारखाना हिरवागार करून दाखवतो! नाही दाखवला, तर सुहास निमकर हे नाव लावणार नाही!"

ही प्रतिज्ञा सुहासनं लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये, आरशासमोर उभं राहून केली. ऑगस्टचा महिना होता, बाहेर धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता, तरी खोलीतला एसी अठरावर होता आणि थंडी वाजते म्हणून सुहासनं अंगावर दुलई पांघरली होती. एसी बंद करणं हा दुसरा उपाय त्याला सुचला नाही. त्याच्या डोक्यात त्या वेळी पर्यावरण होतं.

कंपनीनं आपल्या सगळ्या साहेब लोकांना 'हरित नेतृत्व' शिकवायला दोन दिवस लोणावळ्यात आणलं होतं. चाळीस साहेब चाळीस गाड्यांतून आले. शिकवणारा गृहस्थ विमानानं आला आणि विमानप्रवास टाळा, असं त्यानं फार पोटतिडकीनं सांगितलं. प्रत्येकासमोर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. दोन घोट पिऊन साहेब ती कुठंतरी विसरायचे आणि नवी फोडायचे. निघताना सगळ्यांना चिक्की मिळाली. चिक्की डब्यात, डबा खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी एका कापडी पिशवीत! कापडी पिशवीवर लिहिलं होतं, 'प्लॅस्टिकला नाही म्हणा'. सुहासनं ती पिशवी छातीशी धरून फोटो काढून घेतला.

आता हा सुहास एवढा का पेटला होता, ते सांगायला हवं. त्याला झाडांचं प्रेम होतं असा गैरसमज नको. घरातली तुळस त्याच्या हातून दोनदा वाळली होती.

सुहास राहायचा बाणेरला. कंपनीचं मुख्य कार्यालयही बाणेरला. त्याच्या गॅलरीतून ती काचेची इमारत अशी समोर दिसायची, की दात घासताना तो तिथले मजले मोजायचा. पण नेमणूक होती टाकवे बुद्रुकच्या कारखान्यात. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या करणारा, एकशे वीस कामगारांचा कारखाना, त्याचा हा एचआर मॅनेजर. रोज सकाळी काचेच्या इमारतीकडे एक हताश नजर टाकायची आणि चाळीस किलोमीटर गाडी हाणत टाकव्याला जायचं, असं चार वर्षं चाललं होतं. कंपनीची बस होती, पण बसमध्ये कामगार बसायचे.

आणि लोणावळ्यात जाहीर झालं, की मुख्य कार्यालयात 'हरित संस्कृती प्रमुख' असं नवं पद निघणार. ज्या कारखान्याची कामगिरी सर्वात उजवी, तिथल्या माणसाला ते मिळणार! सुहासनं त्याच संध्याकाळी बायकोला फोन लावला.

"अपेक्षा, जानेवारीपासून मी चालत ऑफिसला! दुपारी जेवायला घरी!"

"दुपारीपण?" अपेक्षा म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद सुहासला ऐकू आला. नसलेला आनंद ऐकू यायला वेगळे कान लागतात आणि ते त्याला होते.

टाकव्याला परतल्यावर त्यानं पहिल्याच सोमवारी सगळ्या कामगारांना शेडमध्ये गोल उभं केलं, तीनदा टाळ्या वाजवायला लावल्या आणि पहिला नियम सांगितला.

"आजपासून या कारखान्यात 'नाही' हा शब्द बंद! नकारानं संस्कृती मरते. कुणी काही सांगितलं, तर म्हणायचं, 'होऊ शकतं!' म्हणा सगळे!"

"होऊ शकतं," सगळे म्हणाले. मशीन बंद ठेवून पगार मिळत असेल, तर माणूस काय वाटेल ते म्हणतो.

"आता सांगा, पर्यावरणासाठी तुम्ही आज काय करता?"

शेवटी कँटीनच्या शालनमावशी पदर खोचत पुढं आल्या. वीस वर्षं या माणसांना जेवू घालत असल्यामुळं त्या कुणालाच भीत नसत.

"आमी कायच करत न्हाई, साहेब. तेलाच्या चिंध्या धुऊन धुऊन वापरतो. रिकाम्या डब्यांत कोथमीर लावलीय. रिकाम्या शेडचे दिवे भिमाजीभाऊ बंद करत फिरतात. ही घोरावाडीची पोरं एका फटफटीवर तिघं येत्यात. बाकी हे पर्यावरन-बिर्यावरन करायला येळ कुटं हाय?"

"म्हणजे काहीच नाही," सुहास खिन्नपणे म्हणाला आणि त्यानं वहीत लिहिलं, 'जागरूकता : शून्य'. नियम मोडून 'नाही' म्हणाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यानं बरोबर कँटीनवरच घाव घातला, कारण लोणावळ्यात त्याला एक चित्र दाखवलं होतं. उष्ट्या अन्नाचा डोंगर आणि शेजारी रडणारी पृथ्वी. टाकव्याच्या कँटीनमध्ये रोज अकरा किलो खरकटं निघायचं. सुहास कधी कँटीनमध्ये जेवला नव्हता. त्याचं जेवण त्याच्या केबिनमध्ये, वडगावहून, चार प्लॅस्टिकच्या डब्यांत यायचं. त्यामुळं ते अकरा किलो पुढं कुठं जातात, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

ते जायचे चंपाकडं.

चंपा ही भिमाजीची म्हैस. भिमाजी कारखान्याचा वॉचमन, टाकव्याचाच शेतकरी. त्याचं शेत कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. गेली सहा वर्षं दुपारची जेवणं झाली, की तो खरकट्याची बादली उचलायचा, भिंतीपलीकडं चंपापुढं ठेवायचा, आणि संध्याकाळी चंपाचं दूध त्याच वाटेनं कँटीनमध्ये यायचं. त्या दुधाचा चहा असा, की दुसऱ्या कारखान्यांतले ड्रायव्हर माल घ्यायच्या निमित्तानं इथं थांबायचे. शेण शालनमावशींच्या कोथिंबिरीला, कोथिंबीर आमटीत, आमटी पानात, पानातलं उरलेलं पुन्हा चंपाला. कामगारही भरल्या पोटी शेवटची चपाती बाजूला काढायचे आणि म्हणायचे, "ही चंपाची." या सगळ्याला त्यांच्यापैकी कुणी काही नाव दिलं नव्हतं.

सुहासनं दुसऱ्या दिवशी बादली बंद केली.

"साहेब, ती बादली..." शालनमावशी सांगू लागल्या.

"होऊ शकतं म्हणा, शालनताई!"

"अवो, पन ती म्हस..."

"नकार नको! सकारात्मक!"

मावशींनी हात जोडले आणि कांदा चिरायला घेतला. त्यांनी चुकूनसुद्धा तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ऐकायचं नाही असं ठरवूनच आलेल्या माणसासमोर घसा कोण कोरडा करणार?

मग कँटीनच्या दारात वजनकाटा आला. ताटात राहिलेलं काट्यावर टाकायचं, आणि जो टाकेल त्याचा फोटो नोटीस बोर्डावर, खाली लाल अक्षरांत 'पृथ्वीचा गुन्हेगार'! पहिल्याच दिवशी पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधल्या पप्पूचा फोटो लागला. अर्धी चपाती आणि एक मिरची. पप्पूच्या बायकोनं तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला आणि "तुमाला माझ्या हातचं पचतं, कंपनीचं पचत न्हाई व्हय?" म्हणून त्यालाच झापलं.

खरकट्याचं खत करणारं एक यंत्रही आलं. नारळ फुटला, हार पडला, बटण दाबलं आणि यंत्र चाललं नाही. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, की एका वेळी किमान वीस किलो घातल्याशिवाय ते सुरू होत नाही. कारखान्याचं खरकटं अकरा किलो! ते मग कचऱ्याच्या गाडीत जाऊ लागलं. आठवडाभरानं शालनमावशींनी त्यात कांदे भरून ठेवले. हवेशीर होतं.

इकडं चंपाचं दूध उतरलं. पावसाळा सरला, माळावरचा चारा वाळला आणि बादली बंद. भिमाजीच्या घरापुरतंच दूध निघू लागलं. कँटीनमध्ये दूध पावडरीच्या पुड्या आल्या. दिवसाला तीनशे पुड्या, तीनशे प्लॅस्टिकची चकचकीत वेष्टणं! त्या चहाचा रंग भिंतीला द्यायच्या मातीसारखा होता, आणि चव सांगायची, तर भिंत कुणी चाटून पाहिलेली नसते. तिसऱ्या दिवशी पप्पूनं पेला खाली ठेवला.

"भिमाजीभाऊ, ह्ये आसं चालायचं न्हाई. चंपा पुन्ना रुळावर आनली पायजे."

"काय करू मंग? बादली तर साहेबांनी कुलपात घातलीया."

"बादलीचं ऱ्हाऊ द्या. खिसं हायेत की आमाला!"

आणि दुसऱ्या दिवसापासून टाकव्याच्या कारखान्यात अशी शिस्त आली, की बघत राहावं. जेवण झालं, की प्रत्येक कामगार उरलेली चपाती कागदात गुंडाळून खिशात घालायचा. भाताची मूद करून तीही कागदात. ताट आरशासारखं लख्ख. मग मागच्या दारानं एकेक जण 'पाय मोकळे करायला' भिंतीपाशी जायचा आणि पुडी सोडून चपाती पलीकडं टाकायचा. चंपा पहिल्या आठवड्यातच वेळ शिकली. साडेबारा वाजले, की ती भिंतीखाली मान वर करून उभी! दूध वाढलं, चहा पुन्हा जमला, आणि पावडरीच्या पुड्या शालनमावशी न फोडताच कांद्यांशेजारी यंत्रात रचू लागल्या.

काट्यानं मात्र दाखवलं, शून्य किलो.

सुहासनं काटा बडवून पाहिला. स्वतः त्यावर बोट दाबून पाहिलं. काटा ठीक होता. शून्य! दुसऱ्या दिवशी शून्य! तिसऱ्या दिवशी शून्य! त्यानं केबिनचं दार लावून घेतलं आणि एकटाच नाचला. वाचकहो, सोडून द्यायचं म्हणा, पण त्या माणसानं त्या आठवड्यात कँटीनचा चहा पिऊन असंही म्हटलं, "पाहा! माणसाची वृत्ती हिरवी झाली, की पावडरीच्या चहालासुद्धा चव येते!"

"होऊ शकतं," शालनमावशी म्हणाल्या.

एकवीस दिवस शून्य टिकल्यावर सुहासनं बाणेरला अहवाल पाठवला. 'प्रशिक्षणातून संस्कृती : टाकव्याचा शून्य किलो चमत्कार.' मुख्य कार्यालयातून उत्तर आलं. पर्यावरण विभागाच्या अनघा मॅडम स्वतः येऊन पाहणार आणि जानेवारीच्या बावीस तारखेला कामगारांसमोरच निकाल सांगणार! सुहासनं गॅलरीतून काचेची इमारत पाहिली आणि आपली केबिन साधारण कुठल्या मजल्यावर असेल, ते अपेक्षाला बोट करून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटण्यानंच बरं म्हटलं.

समारंभासाठी त्यानं लोणावळ्याचा बजरंग डेकोरेटर गाठला. हा माणूस एरवी बंगल्या-रिसॉर्टांतली लग्नं सजवायचा.

"व्यासपीठावर हिरवळ हवी. प्लॅस्टिकची नको, खरी!"

"साहेब, जानेवारीत? खरी हिरवळ मिळणार ना..."

"होऊ शकतं म्हणा!"

बजरंगनं मान डोलवली आणि त्याला जे करता येण्याजोगं होतं ते केलं. त्यानं वडगावच्या बाजारातून टेम्पोभर ताजा लसूणघास आणला आणि सगळ्या व्यासपीठावर वीतभर जाड अंथरला. कडेनं हिरव्या मक्याची ताटं उभी केली. वर कमानीला इंद्रायणी भाताच्या ओंब्यांची तोरणं सोडली. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. शेडमध्ये आलेला प्रत्येक कामगार दोन मिनिटं बघत उभा राहायचा.

"साहेब," पप्पू म्हणाला, "ह्यो तर सगळा चारा हाय."

"पप्पू, दृष्टी बदल! तुला चारा दिसतो, मला भविष्य दिसतं."

बावीस तारखेला सुहासनं सगळं स्वतःच्या हातात घेतलं, आणि इथंच खरी माती खाल्ली. कार्यक्रम बाराला म्हणून त्यानं जेवणं साडेअकराला उरकायला लावली. जेवलेला कामगार पळून जाऊ नये म्हणून मागच्या दाराला कुलूप ठोकलं. प्रत्येकाला कँटीनमधून थेट शेडमध्ये, रांगेनं! स्वागताला कुणी रुबाबदार माणूस हवा म्हणून भिमाजीला हिरवा फेटा बांधून व्यासपीठाशेजारी उभं केलं. गेटवर कुणीच उरलं नाही. गेट उघडंच होतं, कारण मॅडमचा ड्रायव्हर बाहेर गाडी चालू ठेवून एसीत झोपला होता आणि त्याला मध्येच गाडी आत आणायची असेल, तर अडचण नको.

म्हणजे त्या दुपारी शेडमध्ये एकशे सोळा कामगार बसले होते, आणि एकशे सोळा खिशांत चपात्या होत्या. भिंतीपलीकडं चंपा मान वर करून उभी होती आणि वरून काहीच पडत नव्हतं.

अनघा मॅडम खादीच्या साडीत होत्या. गळ्यात बियांची माळ. त्या पहिल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लसूणघास पाहून "किती ऑथेंटिक!" असं म्हटलं. सुहासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं माईक हातात घेतला.

"मित्रहो! सहा महिन्यांपूर्वी इथं अंधार होता. या माणसांना पर्यावरण म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. अन्न फेकलं जात होतं! आज? आज एकवीस... माफ करा, आज सव्वीस दिवस झाले, या कारखान्यातून अन्नाचा एक कण बाहेर गेलेला नाही!"

टाळ्या. पप्पूनं खिसा दाबून टाळी वाजवली.

"मॅडम, पुरावा विचाराल, तर पुरावा इथंच, तुमच्या समोर..."

दारातून चंपा आली.

साडेबारा वाजून गेले होते, पोटात कावळे ओरडत होते आणि तिनं खुंटा उपटला होता. गळ्यातल्या दाव्याला तो खुंटा लटकत होता आणि फरशीवर खडाक खडाक वाजत होता. दारात ती क्षणभर थांबली. मग तिला समोर ते दिसलं. टेम्पोभर लसूणघास, मक्याची ताटं आणि वर भाताची तोरणं! म्हशीच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो. ती मधल्या वाटेनं चालू लागली. कामगारांनी उशिरा आलेल्या पाहुण्याला द्यावी तशी पाय आखडून वाट दिली. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. त्यांना ती रोजच्या ओळखीची होती.

चंपा व्यासपीठावर चढली आणि तिनं भविष्य खायला सुरुवात केली.

"अहो! हे काय! सिक्युरिटी!" सुहास किंचाळला. माईक चालू होता, त्यामुळं ती किंकाळी पार टाकव्याच्या चावडीपर्यंत गेली. अनघा मॅडम खुर्चीवर चढल्या. सिक्युरिटी फेटा सावरत पुढं आली.

"चंपे! ये हिकडं! ये गं बाय माजी! आगं, सायबाचं काम हाय ते!"

चंपानं ढुंकून पाहिलं नाही. तिनं मक्याचं एक ताट मुळापासून ओढलं, आणि त्याला बांधलेला 'संस्कृती' हा पुठ्ठ्याचा फलक खाली आला. सुहासनं दावं धरून ओढलं. चंपा सहाशे किलोंची, सुहास चौसष्टचा. लसूणघासावरून त्याचा पाय सटकला आणि तो मॅडमच्या खुर्चीपर्यंत बसल्या बसल्या आला.

"भाऊ, चपाती दावा तिला! चपातीबिगर यायची न्हाई ती!" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि पप्पू उठला. सव्वीस दिवसांचं गुपित, नोकरीची भीती, 'पृथ्वीचा गुन्हेगार', सगळं तो विसरला. डोळ्यांसमोर साहेब घासावर लोळतोय म्हटल्यावर माणुसकी जागी झाली. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, चपाती उलगडली आणि हात वर केला.

"आ-आ-आ, चंपे!"

त्याच्या शेजारचा उठला. मग त्याच्या मागचा. मग सगळेच. पँटच्या खिशांतून, शर्टाच्या खिशांतून, एकाच्या तर टोपीतून चपात्या निघाल्या. एकशे सोळा हात वर आणि एकशे सोळा हातांत एकशे सोळा चपात्या! शेडभर "आ-आ-आ" घुमलं. चंपानं मान वळवली, व्यासपीठावरून उतरली आणि पहिल्या ओळीपासून एकेकाकडून शांतपणे चपाती घेत निघाली. कुणालाही तिनं वगळलं नाही.

"मिस्टर निमकर," अनघा मॅडम खुर्चीवरूनच म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

सुहासच्या केसांत लसूणघास होता. त्याच्या डोळ्यांसमोर काचेची इमारत एकेका मजल्यानं खाली बसत होती. "हा... हा एक सांस्कृतिक कार्यक्रम..." तो म्हणाला.

मॅडमनी त्याला सोडलं आणि त्या फेटेवाल्याकडं वळल्या. "काका, तुम्ही सांगा."

भिमाजीला खोटं बोलायचा सराव नव्हता, आणि मॅडम त्याला काका म्हणाल्या होत्या. त्यानं सगळं सांगितलं. बादली, चंपा, दूध, चहा, शेण, कोथमीर, आमटी, आणि मग खिसे. "सा वर्सं चाललंय, बाई. काय चुकलं आसंल तर मला बोला. पोरांना न्हाई. आन् म्हशीला तर न्हाईच न्हाई."

सुहासनं डोळे मिटले. संपलं! टाकव्यातच निवृत्ती!

"पण हे तर विलक्षण आहे!" अनघा मॅडम म्हणाल्या.

सुहासनं एक डोळा उघडला.

"अन्नातून दूध, दुधातून चहा, शेणातून भाजी! पूर्ण चक्र! अहो, आम्ही जगभरच्या परिषदांत ज्याच्या नुसत्या आकृत्या दाखवतो, ते इथं चार पायांवर उभं आहे!" बियांची माळ थरथरली. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

भिमाजीनं शालनमावशींकडं पाहिलं. शालनमावशींनी पप्पूकडं पाहिलं. ते कुणाच्याच डोक्यातून निघालं नव्हतं. खरकटं होतं, म्हैस होती, भिंत मध्ये होती. इतकंच.

पण सुहास उठला होता. त्यानं केसांतला घास झटकला, छाती पुढं काढली आणि मघाशी आपणच दावं धरून ओढलेल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्या, मॅडम! पहिल्यापासून ही सगळी माझीच कल्पना!"

शालनमावशींनी कपाळाला हात लावला. सहा वर्षांच्या म्हशीवर चार वर्षांच्या साहेबानं हक्क सांगितला होता!

"हिचं पालनपोषण, वेळापत्रक, आहार, कामगारांचं प्रशिक्षण, सगळं मीच जातीनं बघतो. माझ्याशिवाय हे एक दिवस चालणार नाही!"

"एक दिवससुद्धा?" मॅडमनी विचारलं.

"एक दिवससुद्धा!"

मॅडमनी डोळे टिपले आणि माईक घेतला. टाकव्याचा कारखाना सगळ्या कारखान्यांत पहिला आला, हे त्यांनी जाहीर केलं. कामगारांनी शिट्ट्या मारल्या. सुहासनं बाणेरच्या दिशेनं पाहिलं. "आणि म्हणूनच," मॅडम पुढं म्हणाल्या, "ज्यांच्याशिवाय हे एक दिवस चालणार नाही, त्या निमकरांना इथून हलवणं म्हणजे पाप होईल. ते पुढची पाच वर्षं टाकव्यातच राहून हा प्रकल्प वाढवतील!"

बाणेरचं पद चाकणच्या कारखान्यातल्या एका माणसाला मिळालं. त्यानं सहा महिन्यांत काहीच केलं नव्हतं. त्यामुळं त्याला कुठूनही हलवता येत होतं.

इथं गोष्ट संपली असती, तर सुहास वाचला असता. पण आठ दिवसांत बाणेरहून फर्मान आलं. प्रकल्प मोजता आला पाहिजे, सबब काट्यावर रोज पंधरा किलो खरकटं जमलंच पाहिजे, आणि कमी भरलं तर खुलासा निमकरांनी द्यायचा. सुहासनं पुन्हा शेडमध्ये गोल केला. पुन्हा टाळ्या. "मित्रहो, आजपासून पानात टाकायचं! मोकळ्या मनानं टाकायचं! जो ताट स्वच्छ करेल, त्याचा फोटो बोर्डावर!"

दुसऱ्या दिवशी काट्यानं दाखवलं, शून्य किलो.

"अरे पप्पू, टाक की रे थोडं!" सुहास काकुळतीला आला.

"कसं टाकू, साहेब? तुमीच शिकवलं, अन्नाचा कन वाया घालवायचा न्हाई. आता हात धजत न्हाई बगा."

"आणि चंपाचं काय?"

"तिचं बगतो की आमी. खिशातनं, रोजच्यासारकं." पप्पू हसला. "काट्यावर कशाला नाचवायचं तिचं जेवान?"

काटा शून्यावर, चंपा भिंतीखाली खाऊन तृप्त, चहा फक्कड, आणि खुलासा सुहासच्या डोक्यावर! तीन खुलासे झाल्यावर त्यानं शेवटचा उपाय काढला. आता रोज पहाटे सहाला हरित संस्कृतीचा हा शिल्पकार बाणेरच्या आपल्या सोसायटीत दारोदार फिरतो आणि शिळ्या पोळ्या गोळा करतो. अपेक्षाही रात्रीच्या पोळ्या मोजून जास्त करते. पंधरा किलो भरल्या, की दोन प्लॅस्टिकच्या बादल्या गाडीत मागं ठेवायच्या, वास येतो म्हणून काचा उघड्या, उकडतं म्हणून एसी चालू, आणि काचेच्या इमारतीसमोरून चाळीस किलोमीटर टाकवे! कान्ह्याच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली, की आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावतात.

परवाच बादल्या काट्यावर रिकाम्या करून सुहास घाम पुसत होता. भिमाजी जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर जरा संकोच होता.

"साहेब, एक सांगू का? रागावू नका."

"बोला, भिमाजी. होऊ शकतं."

"तुमच्या बाणेरच्या पोळ्यांना तूप लय लावत्यात. चंपाला बाधतंय. उद्यापास्नं जरा कोरड्या आना!"

सुहासनं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.